नव्या ट्रॅक्टरचे पहिले पन्नास तास

मराठवाड्यात नव्या ट्रॅक्टरच्या खरेदीचे मुहूर्त ठरलेले आहेत. त्यांपैकी दसरा आणि दिवाळीचा पाडवा हे दोन मुहूर्त नेमके ऊस गाळप हंगामाच्या तोंडावर येतात. लातूरजवळचा मांजरा, रेणापूर तालुक्यातील रेणा, अर्धापूर तालुक्यातील भाऊराव चव्हाण अशा सहकारी साखर कारखान्यांची धुराडी पेटण्याच्या सुमारास ऊसवाहतुकीचे करार झालेले असतात, मुकादमामार्फत तोडणी टोळ्यांना उचल दिली गेलेली असते आणि कर्जाचा पहिला हप्ता समोर दिसत असतो. त्यामुळे शोरूममधून निघालेला ट्रॅक्टर पुष्कळदा आठवड्याच्या आतच दोन ट्रॉल्या जोडून उसाच्या फडात उभा राहतो. ही घाई समजण्यासारखी असली, तरी ज्या यंत्राकडून पुढे दहा-पंधरा वर्षे काम घ्यायचे आहे, त्याच्या पहिल्या पन्नास तासांतच ती त्याचे मोठे नुकसान करते.

नव्या इंजिनातील लायनरची, म्हणजे ज्या नळकांड्यात पिस्टन वर-खाली होतो त्याची, आतील भिंत दिसते तितकी गुळगुळीत नसते. कारखान्यातच तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेघा मुद्दाम पाडलेल्या असतात, कारण त्या रेघांत ऑइल टिकून राहते आणि पिस्टनच्या रिंगा त्यांवर घासून भिंतीशी नीट जुळतात. हे जुळणे, ज्याला मिस्त्री ‘रिंगा बसणे’ म्हणतात, जळणाऱ्या डिझेलच्या दाबामुळे घडते: हा दाब रिंगेच्या मागे शिरून तिला बाहेरच्या बाजूला भिंतीवर रेटतो आणि भिंतीवरील सूक्ष्म उंचवटे हळूहळू झिजून दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना धरतात. म्हणून नव्या इंजिनाला मध्यम ओझे लागतेच. नवा ट्रॅक्टर जपायचा म्हणून तो नुसता चालू करून तासन्‌तास उभा ठेवला, तर पुरेसा दाब तयार होत नाही, भिंतीवरील ऑइल भाजून तिथे गुळगुळीत, चकचकीत थर बसतो आणि रिंगा पुढेही नीट बसत नाहीत. मग ट्रॅक्टर ऑइल खाऊ लागतो आणि सायलेन्सरमधून निळसर धूर येत राहतो. याउलट पहिल्याच दिवशी पूर्ण ओझे दिले, तर न बसलेल्या भागांत घर्षणाची उष्णता एका जागी साठते, ऑइलचा पातळ थर तुटतो, पिस्टन आणि लायनर यांवर ओरखडे पडतात आणि प्रसंगी इंजिन सीज होते. अतिजपणूक आणि अतिओझे हे दोन्ही सारखेच घातक आहेत, ही गोष्ट ग्राहकाला चावी हातात देतानाच स्पष्ट सांगितली गेली पाहिजे.

आजची इंजिने अधिक अचूक यंत्रांवर घडवलेली असल्याने त्यांना या काळाची गरज उरलेली नाही, असे काही जण म्हणतात. इंजिनापुरते त्यात थोडे तथ्य आहे. परंतु ओढकामाचा खरा ताण ज्या भागांवर येतो, ते गिअर, डिफरन्शियलमधील क्राऊन आणि पिनियन ही दातेरी चक्रे, क्लच आणि ब्रेक, यांचे पृष्ठभाग आजही चालता चालताच एकमेकांशी जुळतात. अमेरिकेत जड पिकअप ट्रकांच्या पुस्तिकांत ट्रेलर जोडण्यापूर्वी साधारण 500 मैल, म्हणजे सुमारे 800 किलोमीटर, गाडी रिकामी चालवण्याची सूचना सर्रास आढळते, ती प्रामुख्याने याच कारणासाठी. ट्रॅक्टर पुष्कळसे काम जागेवर उभा राहून किंवा अगदी हळू चालत करतो, म्हणून त्याचा हिशेब किलोमीटरऐवजी तासांत ठेवतात आणि बहुतेक कंपन्यांची पहिली सर्व्हिसिंग 50 तासांच्या आसपास असते. आपल्या मॉडेलचा नेमका आकडा मात्र पुस्तिकेतच पाहावा.

पहिल्या सर्व्हिसिंगला काढलेले ऑइल तळहातावर घेऊन उन्हात पाहिले, तर त्यात कधी कधी बारीक चकाकी दिसते, आणि ड्रेन प्लगला चुंबक असेल तर त्यावर काळसर लोखंडी लव साचलेली असते. नवे भाग एकमेकांशी जुळताना झिजलेला हा धातू आहे. तो ऑइलबरोबर फिरत राहिला तर बेअरिंगा आणि हायड्रॉलिक पंप कुरतडतो. म्हणून ऑइल अजून स्वच्छ दिसते या समजुतीने ही सर्व्हिसिंग पुढे ढकलणे महागात पडते.

चाकांच्या नटांकडे मात्र 50 तास थांबून चालत नाही. नटाखालचा नवा रंग दबतो व झिजतो आणि घट्ट वाटणारा नट सैल होतो, म्हणून पहिल्या काही तासांनंतर आणि पुढे काही दिवस रोज सगळे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावे लागतात. फॅनबेल्टही सुरुवातीला ताणला जाऊन सैल पडतो, म्हणून तोही तपासावा लागतो.

देवणी आणि लाल कंधारी या नामांकित गोवंशांचा हा प्रदेश आहे. येथील कोणत्याही जाणत्या शेतकऱ्याने नव्या गोऱ्ह्याला पहिल्याच दिवशी भरल्या गाडीला जुंपले नसते. आधी मुरलेल्या बैलाशेजारी त्याच्या खांद्यावर जू ठेवले जाई, मग हलके औत येई आणि गाडी सर्वांत शेवटी. हाच क्रम ट्रॅक्टरलाही लागू पडतो. मुख्य म्हणजे, त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन निघते आणि हरभरा, करडई व ज्वारीच्या पेरणीसाठी रान तयार करायचे असते. मोगडणी, पाळी, पेरणी यंत्र ओढणे ही सारी मध्यम ओझ्याची आणि इंजिनाचा वेग बदलता ठेवणारी कामे आहेत. स्वतःच्या आणि शेजाऱ्यांच्या शिवारात भाड्याने एवढे काम केले, तर फडात जाण्यापूर्वीच पन्नास तास भरतात आणि हप्त्यापुरते पैसेही हातात येऊ लागतात. भारी काळ्या जमिनीतील खोल नांगरट मात्र या काळात टाळावी, आणि मळणी यंत्र चालवायचे असल्यास एकाच वेगावर सलग तासन्‌तास न चालवता मध्ये विश्रांती द्यावी. सायलेन्सरमधून सतत काळा धूर येत असेल आणि इंजिनाचा आवाज दबत असेल, तर ओझे जास्त झाले किंवा गिअर वरचा पडला असे समजून खालचा गिअर टाकावा. क्लचवर पाय ठेवून चालवण्याची सवय नव्या क्लचप्लेटला विशेष मारक ठरते.

उसाच्या ट्रॉल्यांचा प्रश्न इंजिनापुरता नाही. 50 अश्वशक्तीच्या आसपासच्या ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन साधारण दोन ते अडीच टन असते, तर भरलेल्या दोन ट्रॉल्यांचे त्याच्या कित्येक पट. या ट्रॉल्यांना बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात आणि सगळा भार ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांच्या ब्रेकवर पडतो. ते ब्रेक अजून बसलेले नसताना बालाघाट डोंगररांगेच्या उतारावरून भरली जोडी खाली आणणे, हे चालकाच्या आणि रस्त्यावरील इतरांच्या जिवाशी खेळणे आहे. ट्रॉलीची दांडी उंचावर जोडली, तर ओढताना ट्रॅक्टरचा पुढचा भाग उचलला जातो आणि स्टिअरिंगचा ताबा सुटतो. म्हणून दांडी कंपनीने दिलेल्या खालच्या हुकालाच जोडावी आणि पुढे वजने बसवावीत.

पन्नास तास आणि ऑइलबदल पूर्ण झाल्यावरही पहिली खेप एकाच ट्रॉलीची, अर्धी भरलेली आणि दिवसाउजेडी असावी. रस्त्यावर ब्रेकचे दोन्ही पेडल एकमेकांना जोडलेले असावेत, आणि चढ ज्या गिअरमध्ये चढला त्याच गिअरमध्ये उतार उतरावा. कारखान्यात ट्रॉली रिकामी होईपर्यंत चाकांचे नट, दांडीची पिन आणि ब्रेकचा तापलेपणा पाहून घ्यावा, आणि अशा चार-पाच खेपांत काही खटकले नाही, तरच दुसरी ट्रॉली जोडावी.