डायलॉगचे रंग: विचारतं कोण, सांगायचं कुणी?

मागच्या व्याख्यानात आपण विंडोजच्या विन३२ पद्धतीनं एक डायलॉग उभा केला: दोन लेबलं, एक टेक्स्ट बॉक्स आणि 'ओके'चं बटण. आज त्याला आपल्या मनासारखे रंग द्यायचे आहेत.

आता, आपण सवयीनं लेबलाची 'रंग' नावाची प्रॉपर्टी शोधायला लागतो. इथे तशी प्रॉपर्टीच नाही. पडद्यावर उमटण्याआधी लेबल आपल्या पेरेंटला, म्हणजे डायलॉगला, मेसेज पाठवून विचारतं, "रंग कुठले घेऊ?" लेबलासाठी हा मेसेज असतो डब्ल्यूएम_सीटीएलकलरस्टॅटिक. टेक्स्ट बॉक्ससाठी शेवटी 'एडिट' येतं, खुद्द डायलॉगच्या पार्श्वभूमीसाठी 'डीएलजी'.

उत्तर देताना तीन कामं करायची:

१. सेटटेक्स्टकलरनं अक्षरांचा रंग सांगायचा.
२. सेटबीकेकलरनं अक्षरांच्या लगत मागचा रंग सांगायचा. हे राहिलं की अक्षरांमागे वेगळ्याच रंगाची पट्टी दिसते.
३. उरलेल्या जागेसाठी ब्रश परत करायचा. एरवी डायलॉग प्रोसीजर 'ट्रू' किंवा 'फॉल्स' देते, पण इथे थेट ब्रशच द्यायचा.

रंग लिहिताना आरजीबी मॅक्रो वापरलेला बरा. वेबवरचा हेक्स आकडा जसाच्या तसा टाकला, तर लालाचा निळा होतो. कारण विंडोज लाल रंग सगळ्यात खालच्या बाइटमध्ये ठेवतं.

आता नेहमी अडतं कुठे? डायलॉग पुन्हा रंगला की हा मेसेज पुन्हा येतो. दर वेळी नवा ब्रश बनवला आणि जुना टाकून दिला नाही, तर ते साठत जातात. एका प्रोसेसला साधारणपणे १०,००० जीडीआय ऑब्जेक्ट्सचीच मुभा असते. ती संपली की चित्रणच बिघडतं. म्हणून ब्रश डायलॉग सुरू होताना एकदाच बनवा आणि बंद होताना डिलीट करा. दुसरं म्हणजे, टेक्स्ट बॉक्स फक्त वाचण्यापुरता किंवा बंद केलेला असेल, तर तो 'एडिट'चा नाही, 'स्टॅटिक'चा मेसेज पाठवतो. आणि साधं बटण तर आपण दिलेला रंग घेतच नाही; त्यासाठी ते 'ओनर ड्रॉ' करून स्वतः रंगवावं लागतं.

पण मंडळी, खरा मुद्दा पुढेच आहे. समजा, आपण अक्षरं गडद निळी केली आणि पार्श्वभूमी सिस्टीमची ठेवली. आपल्या मशीनवर छान दिसतं. पण ज्याची दृष्टी अधू आहे, त्यानं विंडोजमध्ये हाय कॉन्ट्रास्ट लावून पार्श्वभूमी काळी केलेली असते. त्याच्याकडे आपली निळी अक्षरं काळ्यात बुडतात. फॉर्म समोर आहे, पण काय भरायचं तेच वाचता येत नाही.

म्हणून नियम एकच: रंग जोडीनं द्या. अक्षरं आणि पार्श्वभूमी दोन्ही आपली, नाहीतर दोन्ही सिस्टीमची. आपली दिलीत, तर दोन्हींत निदान ४.५:१ इतका कॉन्ट्रास्ट ठेवा. वेबसाठीच्या डब्ल्यूसीएजी निकषांत नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी हाच आकडा आहे. हाय कॉन्ट्रास्ट चालू असेल, तर आपण बाजूला व्हावं. सिस्टीमपॅरामीटर्सइन्फो हे फंक्शन ते सांगतं. आणि चूक दाखवताना नुसता लाल रंग देऊन थांबू नका, शब्दांतही लिहा. लाल-हिरव्यातला फरक सगळ्यांनाच दिसतो असं नाही.

पुढच्या व्याख्यानात आपण तेच हट्टी बटण स्वतः रंगवू.