श्रद्धेची रोजकीर्द : ख्रिस्ती आध्यात्मिक दैनंदिनी आणि आत्मविकास

प्रस्तावना

दैनंदिनी हा लेखनप्रकार आपल्या अभ्यासक्रमांत बहुधा आत्मचरित्राच्या शेजारी, एखाद्या परिच्छेदापुरता येतो. इतिहासाचा अभ्यासक तिच्याकडे साधन म्हणून पाहतो. ती लिहिणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ती पुष्कळदा साधना असते. ख्रिस्ती परंपरेत ही साधना विशेष रुजली. ईश्वरासमोर स्वतःचे मन तपासणे, त्याची नोंद ठेवणे आणि त्या नोंदीवरून पुढील आचरण ठरविणे असे तिचे सर्वसाधारण स्वरूप आहे. तिच्यामुळे माणसाची आंतरिक वाढ होते, असे सरसकट म्हटले जाते. परंतु याच परंपरेतील काही प्रसिद्ध दैनंदिन्या वाचताना वाढीपेक्षा आत्मपीडाच अधिक दिसते. तेव्हा कोणत्या परिस्थितीत हे लेखन माणसाला घडविते आणि कोणत्या परिस्थितीत खचविते, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. प्रस्तुत लेखात त्याचा विचार प्रामुख्याने हेन्री मार्टिन यांच्या दैनंदिनीच्या आधारे केला आहे.

मठापासून दुकानाच्या वहीपर्यंत

चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाचे बिशप अथनेशियस यांनी इजिप्तच्या वाळवंटातील तपस्वी अँथनी यांचे चरित्र लिहिले. त्यात अँथनी आपल्या सहसाधकांना एक साधा उपाय सुचवितात. प्रत्येकाने आपली कृत्ये आणि मनातील हालचाली दुसऱ्याला सांगावयाच्या असल्याप्रमाणे लिहून ठेवाव्यात. उघडकीस येण्याच्या लाजेनेच माणूस वाईटापासून दूर राहील. एकांतात सोबत्याची नजर नसते, ती उणीव कागदाने भरून काढावी, असा हा विचार आहे. मिशेल फूको यांनी १९८३ च्या आपल्या निबंधात आत्मलेखनाची चर्चा याच उताऱ्यापासून सुरू केली आहे.

सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी या तपासणीला जवळजवळ आलेखाचे रूप दिले. १५४८ साली पोपची मान्यता मिळालेल्या त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथात प्रत्येक दिवसासाठी दोन रेघा आखावयास सांगितल्या आहेत. जो एक दोष घालवावयाचा, तो जितक्या वेळा घडेल तितक्या खुणा त्या रेघांवर करावयाच्या आणि दुपारची संध्याकाळशी, आजची कालशी, या आठवड्याची मागच्या आठवड्याशी तुलना करावयाची. गंमत अशी की, याच इग्नेशियस यांच्या १५४४–४५ मधील खाजगी दैनंदिनीचा जो भाग उरला आहे, त्यात हिशेबी खुणांपेक्षा प्रार्थनेच्या वेळी आलेल्या अश्रूंच्या नोंदीच जास्त आहेत.

धर्मसुधारणेनंतर इंग्लंडमधील प्युरिटन मंडळींनी धर्मगुरूपुढील पापनिवेदनाची प्रथा सोडली. त्यामुळे स्वतःवर पाळत ठेवण्याचे काम ज्याचे त्याच्याकडे आले आणि दैनंदिनी हे त्याचे हत्यार बनले. केंब्रिजमधील सॅम्युएल वॉर्ड यांची १५९५ पासूनची दैनंदिनी या दृष्टीने वाचनीय आहे. प्रार्थनेत मन न लागणे, इतरांविषयीचा मत्सर, यांच्या बरोबरीने आलुबुखार आणि नासपती हावरटपणाने खाल्ल्याचा पश्चात्तापही तिच्यात नोंदलेला आहे. हेच वॉर्ड पुढे १६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी बायबलच्या भाषांतरकारांपैकी एक झाले. १६५६ साली जॉन बीडल या धर्मोपदेशकाने ख्रिस्ती माणसाच्या दैनंदिनीवर एक स्वतंत्र पुस्तकच प्रसिद्ध केले. व्यापारी दुकानाची वही ठेवतो, मग आत्म्याचा हिशेब का ठेवू नये, अशी त्यातील भूमिका आहे. पुढे जॉन वेस्ली यांनी ऑक्सफर्डमध्ये १७२५ पासून दैनंदिनी ठेवली आणि काही वर्षांतच ती सांकेतिक लिपीतील तासातासाच्या नोंदींपर्यंत नेली.

हिशेबाच्या या रूपकाला मराठीत एक उपयुक्त भेद उपलब्ध आहे. आपल्याकडील जुना व्यापारी कीर्द आणि खतावणी वेगळी ठेवीत असे. कीर्दीत घडेल तसा रोजचा व्यवहार उतरतो. खतावणीत तोच व्यवहार खात्यांनुसार लावला जातो आणि मग कोणाचे किती येणे, कोणाचे किती देणे, हे कळते. प्युरिटनांच्या पुष्कळशा दैनंदिन्यांत कीर्द भरपूर आहे. खतावणी मात्र अभावानेच आढळते.

हेन्री मार्टिन : एक दैनंदिनी, दोन टप्पे

हेन्री मार्टिन (१७८१–१८१२) हे केंब्रिजचे गणिती. १८०१ च्या परीक्षेत ते विद्यापीठात पहिले आले. परंतु तो मान हाती आल्यावर आपल्याला रितेपणच जाणवले, असे त्यांनी पुढे नमूद केले आहे. १८०२ मध्ये त्यांनी डेव्हिड ब्रेनर्ड यांचे चरित्र वाचले आणि धर्मप्रसाराच्या कार्याकडे ते वळले. ईस्ट इंडिया कंपनीचे धर्मोपदेशक म्हणून १८०६ मध्ये ते भारतात आले. दानापूर व कानपूर येथे असताना त्यांनी नव्या कराराचे हिंदुस्तानी भाषांतर केले.

ज्या ब्रेनर्ड यांनी त्यांना वळण लावले, ते अमेरिकेतील मूळ रहिवाशांमध्ये काम करीत आणि अवघ्या २९ व्या वर्षी, १७४७ मध्ये, क्षयाने वारले. त्यांची दैनंदिनी जोनाथन एडवर्ड्‌स यांनी १७४९ मध्ये संपादित करून छापली. ब्रेनर्ड यांचा स्वभाव खिन्नतेकडे झुकलेला होता आणि ते शक्तीबाहेर श्रम करीत, हे एडवर्ड्‌स यांनी प्रस्तावनेतच मान्य केले आहे. नॉर्मन पेटिट यांनी १९८५ च्या येल आवृत्तीत उपलब्ध हस्तलिखिताशी छापील मजकूर ताडून पाहिला, तेव्हा एडवर्ड्‌स यांनी काही ठिकाणी ही खिन्नता सौम्य केल्याचे दिसून आले. म्हणजे पुढील पिढ्यांनी आदर्श म्हणून डोळ्यांपुढे ठेवलेली दैनंदिनी ही संपादकाच्या हाताखालून गेलेली होती. ती अस्सल मानून स्वतःच्या मनाशी तिची तुलना करणाऱ्या वाचकाचे काय होत असेल, याची कल्पना करता येते.

मार्टिन यांच्या दैनंदिनीचा पहिला टप्पा याच छायेत लिहिलेला आहे. अहंकार, आळस, विचलित मन, लिडिया ग्रेनफेल यांच्यावरील प्रेम आणि त्या प्रेमाबद्दलची अपराधी भावना, यांची आवर्तने पानोपानी येतात. खाजगीपणासाठी मधला काही मजकूर ते लॅटिनमध्ये व ग्रीकमध्ये लिहीत. एकच आरोप आज, उद्या आणि पुढील महिन्यातही त्याच शब्दांत येतो. त्यावर काय केले, त्यात काय फरक पडला, हे क्वचितच सापडते. ही भरलेली कीर्द आहे. (लिडिया यांचीही धार्मिक दैनंदिनी होती, तिचे उतारे १८९० मध्ये छापले गेले. एकाच ताटातुटीकडे पाहणाऱ्या दोन आत्मपरीक्षक वह्या, हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.)

१८११ च्या प्रारंभी प्रकृती ढासळल्यामुळे मार्टिन कलकत्त्याहून जहाजाने निघाले. त्याच जहाजावर पुण्याच्या रेसिडेन्सीची सूत्रे घेण्यासाठी निघालेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होते. दोघांनी वाटेत गोवे पाहिले आणि सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या समाधीलाही भेट दिली. मुंबईहून मार्टिन इराणकडे गेले. शिराझमध्ये त्यांनी फारसी नव्या कराराचे काम १८१२ च्या फेब्रुवारीत पूर्ण केले. या काळातील पाने वेगळी वाटतात. तेथील विद्वानांशी झालेले वाद, त्यांचे प्रश्न, शब्दांचे अर्थ, बागा, उन्हाळा, माणसांचे स्वभाव यांनी ती भरली आहेत. आत्मनिंदा संपत नाही. पण तिच्या शेजारी जग येऊन उभे राहते. स्वतःचा दोष आता एखाद्या विशिष्ट माणसाशी झालेल्या विशिष्ट वागणुकीच्या संदर्भात येतो आणि म्हणून तो सुधारण्याजोगा होतो. आत्मिक वाढीची खूण शोधावयाची तर ती येथे शोधावी लागते. शेवटची नोंद ६ ऑक्टोबर १८१२ ची आहे. तुर्कस्तानातील प्रवासात, ज्वराने जर्जर झालेले मार्टिन एका बागेत बसले असता मनाला लाभलेल्या शांतीविषयी तीत लिहितात. त्यानंतर दहा दिवसांनी तोकात येथे त्यांचे निधन झाले.

लेखन कोणाला उद्देशून ?

दैनंदिनीत ‘मी’ असतोच. तिच्यात ‘तू’ आहे की नाही, यावर बरेच अवलंबून असते. ऑगस्टीन यांचे ‘कबुलीजबाब’ दैनंदिनी नव्हे, पण ख्रिस्ती आत्मलेखनाला त्यांनी दिलेले वळण निर्णायक आहे, कारण तो संपूर्ण ग्रंथ ईश्वराला द्वितीय पुरुषात उद्देशून आहे. त्यामागे बायबलमधील स्तोत्रसंहिता आहे. तेथे भक्त तक्रार करतो, भांडतो, विनवितो, आणि पुष्कळदा त्याच स्तोत्राच्या अखेरीस आभाराकडे येतो. कधी आपल्याच जिवाला ‘तू का खिन्न आहेस’ अशा आशयाचा प्रश्न विचारतो. मराठी वाचकाला हा सूर परका नाही. विठ्ठलाशी भांडणारे तुकोबा आणि मनाला समजावणारे समर्थ त्याच्या कानांत असतातच. स्वतःच्या दोषांची यादी ज्याला सांगावयाची तो ऐकणारा आणि क्षमा करणारा आहे, ही जाणीव लेखनातून निसटली की उरते ती केवळ फिर्याद, आणि फिर्यादी, आरोपी व न्यायाधीश एकच.

विसाव्या शतकातील दोन वह्या या संदर्भात लक्षात घेण्यासारख्या आहेत. अमेरिकन कथाकार फ्लॅनरी ओ’कॉनर यांनी आयोवा येथे विद्यार्थिनी असताना, १९४६–४७ मध्ये, ईश्वराला उद्देशून एक प्रार्थना-वही लिहिली; ती २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. चांगली लेखिका होण्याची तीव्र इच्छा आणि त्या इच्छेतील अहंकाराचे भय यांचा झगडा तिच्यात आहे. महत्त्वाकांक्षेला पाप ठरवून मोकळे होण्याचा सोपा मार्ग त्या घेत नाहीत. दुसरी वही संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस दाग हामरशोल्ड यांची. १९६१ मध्ये एन्डोलाजवळ विमान कोसळून त्यांचा अंत झाला, तेव्हा न्यूयॉर्कच्या निवासस्थानी हे हस्तलिखित मिळाले. सोबत मित्र लेफ बेलफ्रागे यांना लिहिलेले, तारीख नसलेले पत्र होते. स्वतःशी व ईश्वराशी केलेल्या वाटाघाटींचा हा दस्तऐवज आहे, असे त्यात सुचविले होते. १९६३ मध्ये ते स्वीडिश भाषेत प्रसिद्ध झाले. जगातील एका अत्यंत व्यग्र पदावरील माणसाच्या या वहीत त्या पदावरील घडामोडींचा जवळजवळ उल्लेख नाही, याचे अनेकांना आश्चर्य वाटले.

पुनर्वाचन आणि मानसशास्त्राची साक्ष

लिहिलेले पुन्हा वाचणे हीच खतावणी. इग्नेशियस यांच्या आठवड्या-आठवड्यांच्या तुलनेत तिचे बीज आहे. तरुण एडवर्ड्‌स यांनीही १७२२–२३ मध्ये लिहिलेले आपले सत्तर संकल्प आठवड्यातून एकदा वाचण्याचा नेम केला होता. वाचताना आवर्तन दिसते : राग कोणत्या वेळी येतो, कोणत्या माणसापुढे जीभ सुटते, कोणती प्रार्थना वर्षभर तीच राहिली आहे.

आधुनिक संशोधन याला काही अंशी दुजोरा देते. पेनबेकर आणि बील यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटे लिहावयास सांगितले होते. आघातकारक अनुभवातील घटना आणि भावना या दोहोंविषयी लिहिणाऱ्यांचे नंतरच्या महिन्यांत आरोग्यकेंद्रात जाणे तुलनेने कमी झाले. तथापि २००६ मध्ये फ्राटारोली यांनी १४६ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा अशा लेखनाचा परिणाम अनुकूल, पण सरासरीने अल्प असल्याचे आढळले. उलरिच आणि लुट्‌गेनडॉर्फ यांचा २००२ चा अभ्यास येथे अधिक उपयोगी आहे. ज्यांनी भावनांबरोबर त्या अनुभवाचा अर्थही लावण्याचा प्रयत्न केला, त्यांना त्या अनुभवातून काही चांगले लाभल्याचे जाणवले. केवळ भावना ओतणाऱ्यांनी मात्र आजाराची लक्षणे अधिक नोंदविली. ब्रेनर्ड यांच्या पानांतील घुसमट आणि शिराझमधील पानांचा मोकळेपणा यांतील अंतर समजण्यास हा निष्कर्ष साहाय्यक ठरतो. अर्थात श्रद्धावान माणूस आरोग्यासाठी प्रार्थना-वही लिहीत नाही, आणि या प्रयोगांत ‘तू’ला स्थान नव्हते, तेव्हा साम्य फार ताणू नये.

कागदाला मर्यादा आहेत. अँथनी यांच्या उपदेशात कागद सोबत्याच्या जागी आला, तरी सोबती नाहीसा झाला नव्हता. पाश्चात्त्य मठपरंपरेत आणि इग्नेशियस यांच्या पद्धतीत साधकाला मार्गदर्शक असतोच. नोंदींतील काही भाग विश्वासाच्या व्यक्तीशी बोलला गेला, तर माणूस स्वतःवरच उगारलेला चाबूक खाली ठेवू शकतो. दीर्घकाळ टिकणारी खिन्नता वहीत दिसू लागली, तर तिला आत्मिक दोष न समजता वैद्यकीय मदत घ्यावी, हे आज स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ब्रेनर्ड यांना ती वाट उपलब्ध नव्हती.

वर्गातील दैनंदिनी

शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमांत छात्राध्यापकांकडून चिंतनपर दैनंदिनी लिहून घेतली जाते आणि काही ख्रिस्ती महाविद्यालयांत मूल्यशिक्षणाच्या तासाला तिचा वापर होऊ शकतो. येथे एक अडचण उद्‌भवते. आत्मपरीक्षणाला गुण दिले की विद्यार्थी परीक्षकाला आवडेल असे आत्मपरीक्षण लिहितो. पश्चात्तापाला दहापैकी आठ गुण मिळाले, यापेक्षा त्या लेखनाची अधिक विटंबना ती कोणती ! वही लिहिली जाते आहे एवढेच प्राध्यापकांनी पाहावे, आतील पाने वाचू नयेत आणि चर्चेसाठी विद्यार्थी स्वतः निवडेल तेवढाच भाग घ्यावा, ही पद्धत अधिक योग्य वाटते. वर्गात निरनिराळ्या धर्मांचे आणि कोणताही धर्म न मानणारे विद्यार्थी असतात. ‘तू’ कोण, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे असते.

वहीचे पुढे काय व्हावे, हेही आधीच ठरलेले बरे. ब्रेनर्ड यांच्या सुरुवातीच्या वह्या नष्ट केल्या गेल्या. मार्टिन १८१० मध्ये कानपूर सोडताना आपली कागदपत्रे नष्ट करण्याच्या बेतात होते. मित्र डॅनियल कॉरी यांच्या आग्रहामुळे ती मोहरबंद करून त्यांच्याकडे ठेवली गेली, आणि त्यांपैकी बराच भाग सॅम्युएल विल्बरफोर्स यांनी १८३७ मध्ये दोन खंडांत छापला. हामरशोल्ड यांनी निर्णय मित्रावर सोपविला. विद्यार्थ्याला मात्र असा मित्र शोधण्याची वेळ येऊ नये. सत्राच्या शेवटी वही न उघडता त्याच्याच हाती परत जावी आणि ती ठेवावी की फाडावी, याची विचारणा कोणी करू नये.