नवापूरच्या कोंबड्या, पॅरिसचं दप्तर

फेब्रुवारी २००६. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या पोल्ट्रींत कोंबड्या पटापट मरू लागल्या. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत गेले आणि निदान झालं: एच५एन१, म्हणजेच बर्ड फ्लू. भारतातला पहिलाच!

मग अंगभर पांढरे पोशाख, मास्क आणि गॉगल चढवून पथकं शेडमध्ये शिरली. कोंबड्या मारून खड्ड्यांत पुरल्या गेल्या, धडधाकट दिसणाऱ्यासुद्धा. पोल्ट्रीवाल्यांचा जीव तुटला असणारच. पण लक्षणं दिसण्याआधीच पक्षी विषाणू पसरवू शकतो, तिथे दयामाया परवडत नाही.

अशी साथ सरकारला दडवून ठेवता येत नाही. ती पॅरिसच्या जागतिक पशुआरोग्य संघटनेला कळवावी लागते. १९२४ सालची ही संस्था जागतिक आरोग्य संघटनेपेक्षाही थोरली, आणि तिच्या जन्माला कारण भारतातलीच गुरं! १९२०मध्ये ब्राझीलला निघालेली ही गुरं वाटेत अँटवर्प बंदरात उतरली आणि बेल्जियममध्ये बुळकांडी पसरली.

आपल्याकडे प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांसाठी देशव्यापी कायदा यायला मात्र २००९ उजाडलं. त्यानुसार अनुसूचीतल्या रोगाचा संशय आला, की मालकानेच गावच्या अधिकाऱ्याला किंवा पंचायतीला वर्दी द्यायची असते.