नाताळच्या झाडाखालची पत्र्याची आगगाडी

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात डिसेंबर उजाडला, की अनेक घरांच्या माळ्यांवरून कोपरे झिजलेल्या पुठ्ठ्याच्या पेट्या खाली उतरतात. त्यांत जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेले एक इंजिन, तीन-चार डबे आणि वाकड्या रुळांचे तुकडे असतात. झाडाच्या बुंध्याभोवती रुळांचे वर्तुळ जुळविले जाते, इंजिनाच्या आसांना तेलाचा थेंब दिला जातो आणि सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी बनलेली पत्र्याची गाडी खडखडत पुन्हा धावू लागते. नाताळ संपला की ती परत पेटीत जाते.

वर्षातून जेमतेम दोन-तीन आठवडे धावणे, हेच या गाड्यांच्या दीर्घायुष्याचे एक रहस्य आहे. रोज हाताळली जाणारी खेळणी काही वर्षांतच मोडीत निघाली. सणापुरती बाहेर येणारी आगगाडी मात्र तीन-तीन पिढ्या टिकली. आज तिच्याभोवती संग्राहकांचे मोठे विश्व उभे आहे आणि त्या विश्वापुढे एक खरा प्रश्नही आहे : ही गाडी चालवावी की काचेच्या कपाटात जपावी, आणि आजचे संग्राहक गेल्यानंतर ती कोणाच्या हाती जावी?

कथिलाचा मुलामा

या खेळण्यांचे मूळ द्रव्य अगदी साधे आहे. लोखंडाच्या वा पोलादाच्या पातळ पत्र्यावर कथिलाचा मुलामा दिला, की तो गंजत नाही, सहज वाकतो आणि त्यावर छपाईही उत्तम उठते. सपाट पत्र्यावरच शिळाछापाच्या पद्धतीने खिडक्या, दारे, पितळी कड्या आणि रिव्हेटांचे ठिपके रंगीत छापले जात. नंतर साच्याने पत्रा कापून घडी घालीत आणि एका भागाच्या कडेला ठेवलेल्या जिभा दुसऱ्या भागाच्या खाचांत घालून पिळून टाकीत. डाख न देताही डबा तयार होई. महागड्या गाड्यांना छपाईऐवजी एनॅमल रंगाचे जाड, चकचकीत लेप दिले जात.

या कारागिरीची जन्मभूमी जर्मनी. गपिंगेन गावी १८५९ मध्ये मेर्कलिन या पत्रेकाम करणाऱ्या कारागिराने बाहुल्यांच्या स्वयंपाकघरातील भांडी बनविण्याचा व्यवसाय सुरू केला. त्याच्या मृत्यूनंतर पत्नी कॅरोलिन हिने तो नेटाने चालू ठेवला. त्यांच्या वारसांनी १८९१ च्या लाइपझिग येथील व्यापारी जत्रेत चावीवर चालणारी आगगाडी मांडली. गाडीइतकेच महत्त्व होते तिच्या रुळांना. रुळांमधील अंतर ठरावीक मापांचे होते आणि रूळ सुट्या तुकड्यांत मिळत होते. पहिल्या वर्षी छोटे वर्तुळ घ्यावे, पुढच्या वर्षी सांधा बदलण्याची सोय, त्याच्या पुढच्या वर्षी स्थानक किंवा पूल! आवर्ती ठेवीप्रमाणे थोडी थोडी भर घालीत मोठी होणारी ही योजना ग्राहकाला वर्षानुवर्षे बांधून ठेवणारी ठरली. पुढे रूढ झालेले ३२ मिलिमीटर अंतराचे ‘ओ गेज’ हे माप आजही प्रचारात आहे. न्यूरेंबर्गच्या बिंग कंपनीने स्वस्त गाड्या दूरदेशी पोहोचविल्या, तर इंग्लंडमध्ये १९२० पासून लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांच्या गाड्या मुलांच्या हाती आल्या.

दुकानाच्या खिडकीतून दिवाणखान्यात

अमेरिकेत या छंदाला घरोघरी नेण्याचे श्रेय मुख्यतः जोशुआ लायोनेल कोवेन यांच्याकडे जाते. त्यांनी १९०० मध्ये न्यूयॉर्कमध्ये लायोनेल कंपनी स्थापन केली. विजेवर फिरणारी त्यांची पहिली वाघीण खेळणे म्हणून नव्हे, तर दुकानाच्या खिडकीत मालाकडे लक्ष वेधण्यासाठी योजिली होती. गिऱ्हाइकांचे लक्ष मालापेक्षा त्या वाघिणीनेच वेधून घेतले आणि ते तीच विकत मागू लागले. बाजाराने दिलेला हा कौल कोवेन यांनी अचूक ओळखला.

१९०६ मध्ये लायोनेलने तीन रुळांचा मार्ग बाजारात आणला. मधल्या रुळातून वीज इंजिनाकडे जाते आणि बाहेरच्या दोन रुळांतून परतते. दोन्ही बाहेरचे रूळ विजेच्या दृष्टीने एकच असल्याने मार्ग वळवून पुन्हा स्वतःलाच जोडला तरी दोष निर्माण होत नाही. खऱ्या लोहमार्गाला मधला रूळ नसतो, हे मुलांना ठाऊक होते. पण जमिनीवर गुडघे टेकून हवा तसा मार्ग जुळविता येतो, या सोयीपुढे ती उणीव कोणाला बोचली नाही. घरातील वीज ट्रान्सफॉर्मरने कमी दाबावर आणली जाई आणि त्याची मूठ फिरवून गाडीचा वेग कमी-जास्त करता येई.

कनेक्टिकटमधील आयव्हज आणि शिकागोतील अमेरिकन फ्लायर हे लायोनेलचे प्रतिस्पर्धी. कारागिरीत नावाजलेली आयव्हज १९२८ मध्ये दिवाळखोरीत निघाली आणि या दोन प्रतिस्पर्ध्यांनी मिळून ती घेतली. माल उत्तम असूनही हिशेब जुळला नाही तर काय होते, याचे हे उदाहरण.

नाताळशी जडलेले नाते

आगगाडी आणि नाताळ यांची सांगड पेनसिल्व्हेनियातील जर्मन परंपरेत सापडते. बेथलेहेम गावात स्थायिक झालेल्या मोरेव्हियन पंथीयांमध्ये नाताळात शेवाळ, लाकडाचे ओंडके आणि छोट्या मूर्ती मांडून येशूजन्माचा देखावा करण्याची प्रथा होती. त्याला ‘पुट्झ’ म्हणतात. सजविणे या अर्थाच्या जर्मन शब्दावरून हे नाव पडले. काळाच्या ओघात देखाव्याभोवती घरे आली, चर्च आले, गोठलेल्या तळ्याच्या जागी आरसा आला आणि अखेरीस आगगाडीही आली. बाल्टिमोर शहरात अशा मांडणीला ‘नाताळची बाग’ म्हणतात. तेथील अग्निशमन केंद्रांत जवानांनी उभारलेल्या बागा पाहण्यासाठी कुटुंबेच्या कुटुंबे जात.

व्यापारानेही हे नाते घट्ट केले. शरद ऋतूत रंगीत सूचिपत्रे घरोघरी पोहोचत, मोठ्या दुकानांत धावत्या गाड्यांचे देखावे मांडले जात आणि वर्षाच्या विक्रीचा मोठा वाटा अखेरच्या काही आठवड्यांत पदरी पडे. त्यामुळे नाताळवर आलेले संकट हे थेट कारखान्यावरचे संकट असे. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१८ मध्ये, अमेरिकी सरकारच्या संरक्षण परिषदेपुढे खेळण्यांचे उत्पादन थांबविण्याचा विचार होता. तेव्हा खेळण्यांचे कारखानदार ए. सी. गिल्बर्ट खेळणी घेऊनच परिषदेपुढे गेले आणि त्यांनी बंदी टाळली. याच गिल्बर्ट यांनी १९३८ मध्ये अमेरिकन फ्लायर ताब्यात घेतली.

मंदीच्या काळात १९३४ मध्ये लायोनेलचा कारभार धनकोंच्या हितासाठी नेमलेल्या प्रशासकांकडे गेला. त्याच वर्षी कंपनीने मिकी आणि मिनी माऊस दांडा हलवीत रुळांवरून फिरतात, अशी चावीची ढकलगाडी एक डॉलरला विकायला काढली. तिचे अडीच लाखांहून अधिक नग खपले आणि ‘उंदराने कंपनी वाचविली’ अशी आख्यायिका पसरली. एका डॉलरच्या वस्तूवरील नफ्याने सगळे कर्ज फिटणे शक्य नव्हते. युनियन पॅसिफिकच्या नव्या घाटाच्या गाडीच्या प्रतिकृतीचाही त्या यशात वाटा होता. तरीही ग्राहकांच्या खिशाला परवडेल अशी वस्तू योग्य वेळी आणण्याचे मोल त्यातून दिसते. पुढे १९४२ मध्ये युद्धामुळे धातूच्या गाड्यांचे उत्पादनच थांबले. १९४३ च्या नाताळात लायोनेलने चक्क पुठ्ठ्याची, कापून जोडण्याची आगगाडी विकली. ती जुळविणे भल्याभल्यांना जमत नसे. पण झाडाखाली गाडी हवीच, हा आग्रह तिने पाळला.

चालविणे आणि जपणे

जुनी गाडी चालविण्यापूर्वी थोडी शिस्त लागते. कापडी वेष्टनाच्या जुन्या वायरी ठिसूळ झालेल्या असतात. तशा ट्रान्सफॉर्मरला वीज जोडणे धोक्याचे असल्याने त्याची दुरुस्ती करून घ्यावी किंवा नवा वापरावा. आसांना तेल आणि दात्यांना ग्रीस, तेही अगदी थोडे, पुरते. रूळ घासण्यासाठी पोलादी लोकर वापरू नये, कारण तिचे बारीक तंतू मोटरच्या चुंबकत्वाने आत ओढले जातात. छापील पत्रा मऊ, कोरड्या कापडानेच पुसावा. तीव्र द्रावकाने छपाईच निघून जाण्याची भीती असते. चावीच्या गाडीची स्प्रिंग पेटीत ठेवण्यापूर्वी पूर्ण उलगडू द्यावी.

एका दुखण्यावर मात्र औषध नाही. १९२० आणि १९३० च्या दशकांतील काही ओतीव चाके व भाग जस्ताच्या अशा मिश्रधातूचे आहेत, ज्यात शिशासारख्या अशुद्ध द्रव्यांची भेसळ राहून गेली होती. असे भाग वर्षानुवर्षे आतून फुगतात, तडकतात आणि शेवटी चुरा होऊन गळतात. चाके बदलून गाडी धावू शकते. पण मूळ वस्तू ती मूळ वस्तूच.

येथेच संग्राहकांचे दोन पक्ष पडतात. एका पक्षाच्या मते प्रत्येक फेरीगणिक रंगाचा कण झिजतो, म्हणून दुर्मीळ गाडी काचेआडच शोभते. दुसरा पक्ष म्हणतो, धावणे हाच जिचा धर्म, ती न धावल्यास तिच्यात उरते काय? रंगाबाबत मात्र बहुतेकांचे एकमत असते. जुना, ओरखडे पडलेला मूळ रंग नव्या चकाकीपेक्षा मोलाचा मानला जातो आणि हौसेने पुन्हा रंगविलेल्या गाडीचे मूल्य बहुधा घटते.

मूल्य आणि वारसा

अमेरिकेतील ट्रेन कलेक्टर्स असोसिएशन ही संग्राहकांची संघटना १९५४ मध्ये पेनसिल्व्हेनियात स्थापन झाली. गाडीच्या स्थितीची प्रतवारी करण्याचे तिचे मानदंड खरेदी-विक्रीत प्रमाण मानले जातात. राज्यातील स्ट्रासबर्ग गावी संघटनेने संग्रहालय उभारले असून यॉर्क येथे एप्रिल व ऑक्टोबरमध्ये भरणारे मेळे संग्राहकांची पर्वणी असतात. मूळ पेटीसह मिळालेल्या गाडीला अधिक किंमत येते. टाकाऊ वाटणारा पुठ्ठा असा मौल्यवान ठरतो.

तथापि या छंदाकडे गुंतवणूक म्हणून पाहणाऱ्यांनी सावध असावे. बालपणी या गाड्यांशी खेळलेली पिढी वृद्ध झाली आहे. तिचे संग्रह बाजारात येत आहेत आणि घेणारे तितके उरलेले नाहीत. मोठ्या संख्येने बनलेल्या सामान्य गाड्यांच्या किमती त्यामुळे उतरल्या आहेत. अतिशय दुर्मीळ व उत्तम स्थितीतील नगांनाच चांगला भाव टिकून आहे. छंदापायी घातलेला पैसा हा आनंदाचा खर्च मानावा, बचत नव्हे.

म्हणूनच जाणते संग्राहक प्रत्येक नगाची नोंद ठेवतात : निर्मात्याचे नाव, क्रमांक, खरेदीची तारीख, किंमत, केलेली दुरुस्ती आणि ती गाडी पुढे कोणाला द्यायची ती इच्छा. अशा नोंदीअभावी मौल्यवान इंजिन भंगारात गेले किंवा भावंडांत वाद झाला, तर दोष वस्तूचा नसतो. वस्तूची किंमत वारसांना कागदावरून कळते. तिची ओढ मात्र कागदाने देता येत नाही.

ती ओढ लहान वयातच, रुळांशेजारी बसून लागते. पुण्यात १९९८ मध्ये सुरू झालेल्या जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयात धावत्या प्रतिकृतींपुढे खिळून उभी राहणारी मुले हेच सांगतात. पेनसिल्व्हेनियातील आजोबाही बहुधा याच कारणासाठी मौल्यवान गाडीची मूठ नातवंडाच्या हाती देतात. वळणावर गाडी भरधाव सोडली तर ती कलंडेल आणि कदाचित एखादा ओरखडाही उठेल. तो ओरखडा सोसण्याची तयारी असलेल्या घरांतच पुढच्या नाताळात पेटी पुन्हा खाली उतरेल, अशी आशा धरता येते.