बीडला चला, पाणी बघायला!

बीड म्हटलं की लोकांच्या तोंडी आधी दुष्काळ येतो, मग ऊसतोड. दोन्ही खरं आहे. पण या जिल्ह्यात दोन दिवस हिंडून बघा. उत्तरेच्या सीमेवर गोदावरी, पोटातून वाहणाऱ्या सिंदफणा आणि बिंदुसरा, दक्षिणेला मांजरा, आणि या सगळ्यांच्या मधे बालाघाटची माळरानं. इथल्या जुन्या जागा बघत गेलं की एक गोष्ट पटते: पाणी कसं जपायचं, हे या मातीला फार आधीपासून ठाऊक होतं. घ्या मग, बीडच्या खजिन्यातल्या या दहा चिजा.

१. दोन बोगदे आणतात, एक नेतो
बीडच्या दक्षिणेला, सोलापूर रस्त्यालगत आहे खजाना विहीर. अहमदनगरच्या निजामशाहीतला सरदार सलाबतखान याने ती १५८२ च्या सुमारास बांधून घेतली. वरून बघाल तर साधी गोल विहीर. खरी करामत जमिनीखाली आहे. दोन बोगद्यांतून पाणी विहिरीत येतं आणि तिसऱ्यातून शेतांकडे जातं. मोट नाही, रहाट नाही, मोटार तर नाहीच. सगळं काम जमिनीच्या उताराने होतं. कडेच्या दगडी ओट्यावर जरा गप्प बसा. आत येणारं पाणी दिसतं, बाहेर जाणारं दिसतं, आणि विहिरीतली पातळी मात्र आहे तिथेच. भोवतालच्या विहिरी आटल्या तरी ही साथ देते, असं बीडकर अभिमानाने सांगतात.

२. देव तळ्यात, भक्त काठावर
बीड शहरातलं कंकालेश्वर मंदिर थेट पाण्याच्या कुंडात उभं आहे. भिंती सरळ नाहीत. कोपऱ्यामागून कोपरे निघत जातात, ताऱ्यासारखे. सकाळी लवकर जा. वारा पडलेला असला की कोरीव दगड पाण्यात उलटा उमटतो आणि एका मंदिराची दोन होतात.

३. दाताची कबर
दिल्लीचा सुलतान मुहम्मद तुघलक दक्षिणेत आला असता बीडजवळ त्याचा दात पडला. दुसऱ्या कुणाचा असता तर कुणी विचारलं नसतं. सुलतानाचा दात मात्र समारंभाने पुरला गेला आणि त्यावर कबर बांधली गेली! इतिहासकार फरिश्त्याने हा प्रसंग नोंदवला आहे. करजणी गावाजवळच्या टेकडीवरची घुमटी त्याच दाताची म्हणून दाखवतात.

४. एका तालुक्याच्या दोन लेकी
पाटोदा तालुक्यातल्या डोंगरात दोन नद्या जन्मतात. सिंदफणा माजलगाव तालुक्यात मंजरथला गोदावरीला मिळते. तिचं सासर जिल्ह्यातच. गौखाडीजवळ उगम पावणारी मांजरा मात्र लांबची वाट धरते. लातूर, बीदर करत सुमारे ७२४ किलोमीटर वाहते आणि तेलंगणात कंदकुर्तीला त्याच गोदावरीला भेटते. हैदराबादकरांनी पिढ्यान्‌पिढ्या तिचं पाणी प्यायलं. २०१६ साली मांजरा धरण कोरडं पडलं, तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. एका नदीवर किती घागरी भरतात, ते तेव्हा साऱ्या देशाने पाहिलं.

५. पुराने केलेली कोंडी
गेवराई तालुक्यातलं राक्षसभुवन शनीच्या मंदिरासाठी प्रसिद्ध आहे. इथेच १० ऑगस्ट १७६३ रोजी मराठे आणि हैदराबादचा निजाम भिडले. निजाम निम्म्या फौजेनिशी गोदावरी उतरून पलीकडे गेला होता; दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह अलीकडे. नदीला पूर. मराठ्यांनी नेमका तोच डाव साधला. विठ्ठल सुंदर पडला आणि पलीकडच्या निजामाला मदतीला येता आलं नाही. पानिपताला अडीच वर्षं झाली होती आणि माधवराव पेशवे अवघे अठरा वर्षांचे होते.

६. तरंगणारी वीट
माजलगाव तालुक्यात गोदाकाठी पुरुषोत्तमपुरी आहे. यादव राजा रामचंद्रदेवाचा १३१० चा ताम्रपट इथलाच. त्याने आपला मंत्री पुरुषोत्तम याला अग्रहार दिला आणि गावाला त्याचंच नाव पडलं. इथल्या मंदिराच्या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात, अशी त्यांची ख्याती. चमत्कार कारागिराच्या हातचा आहे: वीट सच्छिद्र आणि हलकी असली की तरंगते. तेलंगणातल्या रामप्पा मंदिराच्या शिखरातल्या विटाही अशाच. बत्तीस-तेहतीस महिन्यांनी अधिकमास, म्हणजेच पुरुषोत्तम मास आला, घरोघरी जावयासाठी अनारसे तळले जाऊ लागले, की या गावात पाऊल ठेवायला जागा उरत नाही.

७. पांघरायचं कापड, लिहायचा कागद
अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (१५५१–१६१५) कागद बाजूला ठेवून चक्क पासोडीवर ग्रंथ लिहिला. कापड सुमारे चाळीस फूट लांब, विषय पंचीकरणासारखा अवघड! ‘विवेकसिंधु’ लिहिणाऱ्या मुकुंदराजांची समाधीही याच गावच्या दरीत दाखवतात. ग्रंथाचा काळ शके १११० सांगितला जातो, म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही शंभर वर्षं आधीचा. आणि इथली योगेश्वरी कुलदेवता कुणाची? पार कोकणातल्या घराण्यांची. सह्याद्री ओलांडून, मराठवाडा तुडवत माहेरवाशिणी अजून ओटी भरायला येतात.

८. दगडातला गोडवा
किल्लेधारूरचा किल्ला सोळाव्या शतकात आदिलशाही सरदार किश्वरखानाने उभारला. तटावर चढा, पण उतरताना बाजारात थांबा. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. खडकाळ, कमी पाण्याच्या डोंगरउतारावर वाढणारं हे झाड फळात इतका गर कुठून आणतं, ते त्यालाच ठाऊक. डोळा उघडलेलं फळ घ्या, दाबून बघू नका.

९. धबधबा आणि मोर
मांजरसुंब्याजवळ कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीशेजारीच डोंगरावरून धार कोसळते. कार्तिकी पौर्णिमेला इथे मोठी यात्रा भरते. पाटोदा तालुक्यातल्या नायगावात तर खास मोरांसाठी अभयारण्य आहे. पावसाळ्यात पहाटे गेलात तर आधी केका ऐकू येते, मग पिसारा दिसतो.

१०. झुकझुक गाडी, तीस वर्षांनी
परळीला रेल्वे जुनी, पण जिल्ह्याचं ठाणं असलेल्या बीड शहराला नव्हती. अहिल्यानगर–बीड–परळी मार्ग १९९५ मध्ये मंजूर झाला. बीडच्या फलाटावरून गाडी सुटली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. नातवाचा हात धरून गाडी बघायला आलेले आजोबा मंजुरीच्या वेळी ऐन चाळिशीत असतील.

जायचं कधी, कसं?
सप्टेंबर ते नोव्हेंबर उत्तम. तेव्हा माळ हिरवा असतो आणि सीताफळं पिकलेली. पहिला दिवस बीड, कपिलधार आणि गोदाकाठ. दुसरा धारूर, अंबाजोगाई आणि परळी वैजनाथ. तिथे ज्योतिर्लिंगाला हात लावून दर्शन घेता येतं. दिवाळी उलटली की वाटेत बैलगाड्या, ट्रॅक्टर, त्यावर भांडीकुंडी आणि पोरंबाळं दिसतील. कोयता घेऊन कारखान्यांकडे निघालेली ही माणसं याच गावांची. त्यांना आधी वाट द्या.

आणि पाण्याची बाटली सोबत असू द्या, पण रिकामी झाली की पिशवीतच ठेवा. चारशे चाळीस वर्षं खजाना विहिरीचे बोगदे वाहते आहेत. त्यांच्या तोंडाशी आपला कचरा अडकू नये.