गुडघा, सायकल आणि मोहर्लीचा रस्ता

ताडोबाच्या मोहर्ली प्रवेशद्वारापाशी सूर्योदयापूर्वीच पर्यटकांच्या जिप्सींची रांग लागते. त्याच वेळी तिथून सुमारे ३० किलोमीटरवरील चंद्रपुरात धावण्याची सवय जडलेली माणसे घराबाहेर पडतात. दिवसभर पेढीवर बसणाऱ्या व्यापाऱ्याला ही धाव म्हणजे केवळ व्यायाम नव्हे. गिऱ्हाईक, उधारी आणि फोन यांच्यापासून दूर असलेला तो दिवसातील एकमेव तास असतो. म्हणूनच गुडघ्यातील गादी फाटली आणि वैद्यांनी धावणे बंद करावयास सांगितले, की दुखण्यापेक्षा तो तास हरवल्याचे शल्य अधिक बोचते.

पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते जायबंदी झाले, उपचारासाठी पाण्यात उतरले आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात त्यांनी सुवर्णपदक मिळविले. गुडघा दुखावलेल्यांच्या वाट्याला उपचार म्हणून बहुधा सायकल येते. फिजिओथेरपीत प्रथम स्थिर सायकलच चालवावयास देतात.

कारण सरळ आहे. धावताना प्रत्येक पावलागणिक शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर आदळतो. सायकलवर वजन सीटवर विसावते आणि गुडघा आघाताविना फिरत राहतो. मात्र सीट फार खाली असेल, तर हीच सायकल गुडघ्याच्या वाटीवर ताण आणते. पेडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला असावा. गिअर हलका ठेवून पाय भरभर फिरवावेत. जोर लावून जड गिअर ओढण्याचा मोह धावपटूंना हमखास होतो आणि महागात पडतो. सायकलने हाडांना चालण्याइतकी बळकटी मिळत नाही, म्हणून वैद्यांच्या संमतीने थोडे चालणेही ठेवावे. गुडघा सुजत वा अडकत असेल, तर सायकलही थांबवावी.

नवा सायकलस्वार लवकरच मोहर्लीचे स्वप्न पाहू लागतो. इरई जलाशयाकाठचे ते गाव कोणाला मोहवणार नाही! पण दुर्गापूर-पद्मापूर भागात कोळशाच्या ट्रकांची वर्दळ आहे आणि पुढे वाघाचे रान. सायकलचा निःशब्दपणा हा एरवीचा गुण. इथे तोच दोष ठरतो. आवाज न करता वळण घेणारा माणूस वाघाच्या किंवा अस्वलाच्या अगदी पुढ्यात जाऊन ठाकू शकतो. एकट्याने जाऊ नये, पहाट आणि तिन्हीसांजा टाळाव्यात, हा जंगलालगतच्या गावांचा शिरस्ता सायकलस्वारानेही पाळावा. घंटी वाजवत, चौघांच्या सोबतीने, वनरक्षकांना विचारूनच जावे.

नवकारशी पाळणाऱ्यांपुढे आणखी एक हिशेब उभा राहतो. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांपर्यंत पाणीही नाही, आणि चंद्रपूरचा मे महिना ४५ अंशांपलीकडे जातो. नवकारशी पारून, पाणी पिऊन, दोन बाटल्या बांधून निघावे. तोवर रस्ताही पुरता उजळलेला असतो. अर्थात ऊन चढण्यापूर्वी परतायचे, तर उन्हाळ्यात मोहर्ली गाठणे कठीणच; शहरालगतची छोटी फेरी पुरे. मोहर्लीसाठी हिवाळा उत्तम. १ जुलै ते ३० सप्टेंबर ताडोबाचा गाभा बंद असतो, जिप्सी कमी होतात, रस्ता मोकळा भासतो. परंतु दुतर्फा गवत माणसाच्या कमरेपर्यंत वाढते आणि वळणापलीकडचे काही दिसत नाही. ते तीन महिने घरातली स्थिर सायकलच बरी.