पाचवीला बाळ उजेडात न्या
तान्ह्या बाळाची दुखणी : भाग ४

मागच्या आठवड्यात आपण नाळेची निगा पाहिली. आज कावीळ.

दवाखान्यातून बाळ-बाळंतीण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी येतात. पाचवीची तयारी सुरू होते आणि न्हाऊ घालणाऱ्या मावशी म्हणतात, ‘‘बाळ पिवळं दिसतंय गं!’’ पूर्ण दिवसांच्या दर दहांपैकी सुमारे सहा बाळांना पहिल्या आठवड्यात अशी कावीळ होते. ती साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वांत जास्त असते, म्हणजे नेमकी बाळ घरी आल्यावर.

ही मोठ्या माणसांसारखी संसर्गाची कावीळ नव्हे. जन्मतः बाळाच्या रक्तात तांबड्या पेशी भरपूर असतात आणि त्या लवकर फुटतात. त्यातून बिलिरुबिन हे पिवळं द्रव्य तयार होतं. ते बाहेर टाकण्याचं काम यकृताचं, पण ते अजून पुरतं तयार नसतं. बहुतेक बाळांची कावीळ एक-दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. मात्र बिलिरुबिन फार वाढलं तर ते मेंदूपर्यंत पोचतं आणि कायमचं बहिरेपण किंवा अपंगत्व येऊ शकतं. हे टाळता येतं, म्हणूनच ते घडू देता कामा नये.

त्यासाठी रोज बाळाला खिडकीजवळ उजेडात घ्या. कपाळ, छाती, पाय बोटाने हलके दाबून सोडा आणि खाली उमटणारा रंग पाहा. बाळ सावळं असेल तर हिरड्या आणि डोळ्यांचा पांढरा भाग पाहा. पिवळेपणा चेहऱ्यावरून खाली उतरत जातो. तळहात-तळपाय पिवळे झाले, जन्मल्यापासून २४ तासांच्या आत कावीळ दिसली, बाळ सुस्त पडलं, दूध ओढेना, किंचाळून रडू लागलं किंवा अंग मागे ताणू लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आईचा रक्तगट ओ किंवा आरएच निगेटिव्ह असेल, बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, तर अधिक सावध राहा.

उपचार म्हणजे निळा प्रकाश. १९५०च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉचफर्ड रुग्णालयात जीन वॉर्ड या परिचारिकेच्या लक्षात आलं की उन्हात नेलेल्या बाळांच्या अंगाचा उघडा भाग कमी पिवळा दिसतो. त्यातूनच पुढे ‘लाईटखाली ठेवणं’ आलं. या प्रकाशाने बिलिरुबिनचं रूप बदलतं आणि ते शी-शूतून निघून जातं. घरच्या कोवळ्या उन्हाची मात्रा मोजता येत नाही, म्हणून ते त्याची जागा घेऊ शकत नाही.

घरी करण्यासारखं एकच मोठं काम आहे : दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा अंगावर पाजणं. दूध पोटात गेलं की शी होते आणि तिच्यावाटे कावीळ उतरते. ग्लुकोजचं पाणी, गुटी देऊ नका. त्याने बाळ दूध कमी पितं. बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या ठेवू नका. काही बाळांच्या रक्तपेशी त्यांनी झपाट्याने फुटतात.

दोन आठवड्यांनंतरही पिवळेपणा राहिला, किंवा शी खडूसारखी पांढरट झाली, तर थांबू नका. पित्तनलिका बंद असल्यास शस्त्रक्रिया दोन महिन्यांच्या आत झाली तरच तिचा चांगला उपयोग होतो.

आशाताई तिसऱ्या आणि सातव्या दिवशी घरी येतात. बाळाचं झबलं काढून त्यांनाही उजेडात दाखवा.

पुढच्या आठवड्यात : बाळ संध्याकाळी का रडतं?